सेंबावांगच्या झऱ्यावरची निळी बादली

मित्रांनो, मी एक जुनी निळी बादली आहे. पण कुणाच्या मोरीतली नव्हे, सिंगापूरच्या सेंबावांग गरम झऱ्यावरची! हा झरा शंभर वर्षांहून जुना. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी तिथे स्नानगृहे बांधली होती. ती गेली, मग फक्त गरम पाण्याचे नळ उरले. टॅन नावाच्या म्हाताऱ्या अंकलनी मला विकत आणले आणि सर्वांसाठी तिथेच ठेवून दिले. दुकानातल्या माझ्या बहिणींच्या वाट्याला फरशी पुसणे आले. माझ्या वाट्याला दमलेले पाय शेकणे आले. याचा मला फार अभिमान वाटे.

२०१८च्या जानेवारीत सारखा पाऊस पडून चक्क गारठा आला. स्वेटर घातलेली माणसे नळापाशी गर्दी करू लागली. अशाच एका सकाळी पुण्याहून आलेले निशिकांत आजोबा सिंगापुरातच राहणारी आपली मुलगी सुलेखा आणि नात श्रिया यांच्यासोबत आले. सुलेखाने मला वाफाळत्या पाण्याने भरले. "बाबा, थांबा हं, गार पाणी आणते," म्हणून ती वळली.

आजोबांनी मात्र चप्पल काढून पायाचा अंगठा माझ्यात बुडवलासुद्धा! आता ओरडतील, असे मला वाटले. पण ते नुसते हसत बसले. तेवढ्यात श्रियाने पाण्याला बोट लावले.

"आऊच! आजोबा, सो हॉट लाह!" ती सिंगापुरी इंग्रजीत ओरडली आणि तिने दोन्ही हातांनी त्यांचा पाय वर ओढला. मी कलंडले, माझा काठ तडकला.

सुलेखा धावत आली. अंगठा लालभडक झाला होता.

"बाबा, चटका कळला नाही तुम्हाला?"

आजोबांनी मान खाली घातली. "पाय बधिर झालेत गं, बरेच दिवस. डायबेटीसमुळे असेल. तू काळजी करशील म्हणून बोललो नाही."

"मी नाही तर कुणी करायची काळजी?" सुलेखा म्हणाली. अंगठ्यावर गार पाणी ओतून ती त्यांना लगेच डॉक्टरांकडे घेऊन गेली.

अंगठा वाचला. महिन्याभराने तिघे पुन्हा आले. आजोबांना गरम पाण्याची मनाई होती. श्रियाचे पाय माझ्यात, आणि आजोबा बूट घालून शेजारी! येईल त्याला बजावत होते, "फर्स्ट हँड, देन लेग!" तडकलेल्या काठानिशी मी तेव्हा जी ऐटीत उभी होते, तशी कधीच नव्हते.

पुढे नूतनीकरणासाठी झरा बंद झाला. टॅन अंकलनी मला घरी नेले. आता माझ्यात पांदानचे, म्हणजे स्वयंपाकात घालायच्या सुवासिक पानांचे, रोप वाढते आहे.

मित्रांनो, तुमच्या आजी-आजोबांचे तळपाय तुम्ही कधी पाहिले आहेत का? आज पाहा. बधिर पायांना चटका काय, जखमही कळत नाही. "काही झालं नाही रे," असे ते म्हणतील. तरीही पाहा.