सालूदचं नख आणि मावशीचा पाचवा पडदा

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे आणि मला भिंतीवर टांगण्यात आलेलं नाही. हे वाक्य तुम्ही अजून वाचलेलं नाही, असं धरून चाला. मीही ते विसरते आणि काळजीला लागते.

माझी पाठ सायप्रसच्या लाकडाची आणि पोट देवदाराचं. मला घडवणारा कारागीर लाकडावर टिचक्या मारून तासन् तास कान लावून बसायचा. लाकूड त्याला काय म्हणालं, ते त्याने बायकोलाही सांगितलं नाही. मग मी हेरेस गावात, सांतियागो आळीत, बार्तोलोमामांकडे आले. मामा मासे विकायचे. माझ्या सुरात समुद्राचा खारेपणा आहे, असं जाणकार म्हणत. बाकीचे नुसतेच नाक धरत. लग्न असो, बारसं असो, मामा मला घेऊन बसले की लोक दाद म्हणून "ओले! ओले!" ओरडत. बरीच वर्षं मला वाटायचं, ते माझं नाव आहे.

पुढे मामांची बोटं सांधेदुखीने वाकडी झाली आणि माझी रवानगी कपाटावर झाली. तिथे एक बिघडलेला पंखा होता. स्वभावाने सज्जन, पण त्याच्याकडे बोलायला विषय एकच.

मला खाली काढलं ते मामांच्या भाचीने, सालूदने.

"मामा, मला वाजवायला शिकवा."

"आपल्यात मुली नाचतात."

"मी नाचले की शेजारी तक्रार करतात."

हे मामांना पटलं. शेजारी तेच राहत होते.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, आता तिने मला मांडीवर घेतलं असेल. छे! आधी नुसती टाळी. चणे निवडता निवडता टाळी, जिना चढताना टाळी. ताल हाडात मुरेपर्यंत मामांनी तिला माझ्या जवळ फिरकू दिलं नाही. मग एकेक बोट, तेही इतकं सावकाश, की एक सूर संपून दुसरा येईस्तोवर मला डुलकी लागायची. शेजाऱ्यांचा विचार करून ती माझ्या तारांखाली मोजा कोंबायची. मोजा धुतलेला असायचाच असं नाही.

ती चुकली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. मामा खेकसायचे, "सुरुवात तुला येते, ती मला ऐकवू नकोस! जिथे पडलीस, तिथूनच ऊठ." मग ती रडायची, मला शिव्या द्यायची, माझ्या मानेची पापी घ्यायची आणि जिथे पडली तिथूनच उठायची. असं करता करता तिची बोटं तारेवर अशी थरथरू लागली, की एकच सूर पाखरासारखा हवेत तरंगत राहायचा. ही तिची खास करामत. त्यासाठी नखं दणकट लागतात, म्हणून आमच्याकडचे सगळे वादक करतात तेच ती करायची, नखांवर झटपट चिकटणारा गोंद चढवायची.

तेवढ्यात गाण्याच्या मंडळाने मला मागितलं. मंडळाच्या भिंतीवर, पेंढा भरलेल्या बैलाच्या मुंडक्याशेजारी टांगायचं आणि खाली पितळी पाटी लावायची, असा ठराव झाला. मामा मला काखोटीला मारून तिथे गेले आणि म्हणाले, "रविवारी आमची एन्कार्नाताई गाणार आहे. सालूद साथ करील. जमलं तर गिटार तिची, नाही तर तुमची."

मी बैलाकडे पाहिलं. तो बराच काळ तिथे होता आणि त्याला ते मानवलेलं दिसत नव्हतं.

रविवारी मंडळात जेवणं आटोपली. सालूदने घाईघाईने नखांना गोंद लावला आणि तो वाळायच्या आत मला उचललं. टकटक करायला माझ्या पोटावर एक पट्टी बसवलेली आहे. तिची अनामिका त्या पट्टीला चिकटली.

"काय करतेयस?" मामांनी विचारलं.

"सूर लावतेय."

"पोटावर?"

तिने हिसका दिला. बोट सुटलं, नख मात्र माझ्यापाशीच राहिलं.

"मामा, नख गेलं! आता ती करामत जमायची नाही. आज नको ना."

"अंगठा आहे का जागेवर?"

"आहे."

"मग बस."

एन्कार्नामावशी पदर सावरावा तशी शाल सावरत आली. "पाचव्या पडद्यावर लाव गं." माझ्या मानेवर धातूच्या आडव्या रेघा आहेत, ते पडदे; तिथे तारांवर एक लाकडी पकड आवळतात. ती जितकी वरच्या पडद्यावर, तितकं गाणाऱ्याला उंच चढावं लागतं.

"मावशी, घसा बसलाय तुझा. तिसऱ्यावर लावू?"

"माझ्या घशाचं मी बघीन. नवरे बदलले, पण पडदा बदलला नाही मी!"

पहिली ओळ कशीबशी चढली. दुसरीला मावशीचा आवाज शिडासारखा फाटला. मंडळाचे अध्यक्ष चण्यांच्या वाटीत पाहू लागले.

आणि सालूदने वाजवणं थांबवलं. उजव्या हाताने माझ्या पोटावर ताल धरला, टक टक, टकाटक. लोकांच्या टाळ्या आपोआप त्यात मिसळल्या. सगळ्यांचे डोळे त्या हातावर असताना डाव्या हाताने तिने पकड हळूच तिसऱ्या पडद्यावर सरकवली. मग नुसत्या अंगठ्याने तिने मावशीची अर्धवट राहिलेली ओळ उचलली, दोन पायऱ्या खाली आणली आणि पुरी केली. ती जागा मामांनी तिला शिकवलेली नव्हती. माझ्या पोटातूनही ती प्रथमच निघत होती.

मावशीने एक डोळा उघडला, श्वास घेतला आणि विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज लावला.

"ओले!" मुंडकं सोडून सगळे ओरडले.

"बघितलंस?" नंतर मावशी म्हणाली. "पाचवाच!"

"हो मावशी. पाचवाच."

मामांनी माझ्या मानेकडे पाहिलं, खोकत तिसऱ्या पडद्यावरची पकड काढून खिशात टाकली आणि ते अध्यक्षांना म्हणाले, "बैलाशेजारी दुसरं काही तरी टांगा. गिटार कामावर आहे."

तरी मित्रांनो, संबंधित खात्यास नम्र विनंती की, भिंतींवर, कपाटांवर व पलंगांखाली पडून असलेल्या सर्व वाद्यांना दर रविवारी, जेवणानंतर, घसा बसलेल्या पण माघार न घेणाऱ्या एका मावशीच्या साथीस बसवण्यात यावे. ज्यांना मावशी नसेल, त्यांना ती शासनाने विनाविलंब पुरवावी.