वीतभर कड

सिनेगॉगमधले सगळे बाक सुताराच्याच हातचे. दर दोन वर्षांनी तो त्यांना पॉलिश करी, आणि दर वेळी शेवटून दुसऱ्या बाकाच्या पाठीची, कोपऱ्यातली वीतभर कड त्याला उघडी पडलेली सापडे. "इथं माणसं प्रार्थना करतात की लाकूड खातात?" असं तो राखणदाराला विचारी. राखणदार खांदे उडवून मोकळा होई.

मग सुताराची लेक गेली. एकोणीस वर्षांची, तापानं, आठ दिवसांत. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्यानं नेहमीची जागा सोडून बसायचं, असा यहुद्यांचा रिवाज. म्हणून पुढच्या रांगेतला सुतार मागच्या कोपऱ्यात, शेवटच्या बाकावर आला. लेकीसाठी तीस दिवस कद्दीश, गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायचा होता. दहा पुरुष जमल्याशिवाय तो म्हणता येत नाही. सुताराला धरून दहा जण जमत, नऊ जण वाट बघत, आणि हा तोंडाला कुलूप लावून उभा.

त्याचं दुखणं साधं होतं. त्या प्रार्थनेत मरणाचा शब्द नाही, लेकीचं नाव नाही. सगळी देवाची थोरवी. "माझी पोर उचलून न्यायची, आणि वर मीच त्याला शाबासकी द्यायची?" तो बायकोला म्हणाला.

"देवाशी भांडायला उभा जन्म पडलाय," ती म्हणाली. "तिचे तीस दिवस मात्र उद्या संपतात. तिथं दहांत मला धरत नाहीत, नाहीतर मीच म्हटलं असतं. तुम्हाला धरतात, तर तुम्ही मुके."

तिसाव्या दिवशी तो उभा राहिला. पहिला शब्द जिभेवर आला. आधाराला त्यानं समोरच्या बाकाची पाठ धरली. बोटांना पॉलिश लागलं नाही, नुसतं लाकूड लागलं. तीच कड होती.

त्याला औषधवाले आठवले, बायको गेल्यावर इथंच उभे राहिलेले. शिंपी आठवला, थोरल्या भावाच्या वेळचा. सगळ्यांनी इथंच धरलं होतं, आणि वीस वर्षं हा त्यांच्या नावानं खडे फोडत होता. त्याला लाज वाटली, आणि लेक गेल्यापासून पहिल्यांदा रडू आलं. रडतरडतच त्यानं कद्दीश म्हटला. देवावरचा राग होता तसाच होता. शब्द अडला तिथं पुढच्या बाकावरच्या शिंप्यानं मागं वळून न बघता तो हळूच पुरवला, आणि मग सगळे आमेन म्हणाले.

पुढं पॉलिशची पाळी आली. संध्याकाळी राखणदार बाकांवरून नजर फिरवत म्हणाला, "कोपऱ्यातली कड राहिली की हो."

"राहू दे," डब्याचं झाकण लावत सुतार म्हणाला. "पुढच्याच्या हाताला सापडायला हवी."