हिरडीची कड

“वहिनी, श्वास घ्या. उंदीर मेलाय, तुम्ही नका मरू,” म्हणत प्रयोगशाळेतले शिपाई काका काचा धुवायला वळले.

वहिनी हसली नाही. अ‍ॅसिडात ठेवून मऊ केलेला उंदराचा जबडा मेणाच्या वडीत बसला होता. तिनं यंत्राचं चाक फिरवलं. पात्यावरून मेणाची फीत उतरली, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, आणि कोमट पाण्यावर अलगद पसरली.

नवरा गेल्यावर त्याच्या जागी तिला या प्रयोगशाळेत घेतलं होतं, तेही तात्पुरतं. वर्षभर कातडी नि यकृतं कापून तिनं हात बसवला. जबडा मात्र पहिलाच. तो नीट कापला तर नोकरी पक्की, असं प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी सांगितलं होतं. या उंदराची हिरडी जिवंतपणी दातापासून दोऱ्यानं सोडवली होती. ती दाताला पुन्हा धरते का, एवढंच बघायचं होतं.

रंग चढवून तिनं काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. हिरडी गुलाबी, तिची कड जांभळट, दात गुलाबी, मधे पांढरी फट.

जेवणाचा डबा तसाच राहिला. काच घेऊन ती मॅडमच्या टेबलाशी गेली.

“माझ्या हातून फाटलं, मॅडम. दुसऱ्या कुणाला द्या हे काम.”

मॅडमनी आपल्या सूक्ष्मदर्शकाला बराच वेळ डोळा लावला. मग हसल्या. “अगं, फाटलं असतं तर कड उसवली असती, चिंध्या दिसल्या असत्या. ही बघ कशी गुळगुळीत! पेशीला पेशी लागून.”

“मग ही फट कसली?”

“तिथं दाताचं कवच होतं. ते अ‍ॅसिडात विरघळतंच. पण हिरडी त्याला घट्ट धरून होती, म्हणून तर त्याच्याच आकारात उभी राहिलीय. परत लागली होती गं ती!”

वहिनीनं वाकून पाहिलं. फटीत काहीच नव्हतं, आणि तरी ती जांभळट कड त्या नसलेल्या कवचाच्या अंगाअंगानं वळत गेली होती. तिला डोळा काढवेना.

“आता तरी जेवा,” काका मागून ओरडले, “नाहीतर तुमचा डबा मी संपवतो!”

“संपवून तर बघा!” वहिनी म्हणाली, आणि हसली.

जेवून ती जागेवर आली. स्टूल अजून नवऱ्याच्याच उंचीला लावलेलं होतं. वर्षभर ती पाय लोंबकळत ठेवूनच काम करत आली होती. तिनं वाकून स्टुलाचा स्क्रू सैल केला, ते आपल्यापुरतं खाली घेतलं आणि आवळलं. बसली. पाय जमिनीला टेकले.

मग तिनं चाकाला हात घातला.