पाचवा फोटो

"आजोबा, तुमचा डावा हात कुठला?"

प्रश्न माझ्या वर्गातल्या मयूर आणि इरावतीचा, तोंड माझं. "दम असेल तर विचारून दाखव," असं मयूर कानात पुटपुटला आणि मी तो सरळ माईकवरच विचारला. शाळेचा अख्खा हॉल हसला.

मागच्या वर्षीपर्यंत मी हजेरीला 'हजर' म्हणायचे ते शेजारच्या बाकालाही ऐकू जात नसे. यंदा नववीत मृणालिनी बाईंनी माझ्या हातात माईक दिला आणि मला कळलं की आपल्याला आवाज आहे. चांगला खणखणीत आहे! तेव्हापासून तो कुठे थांबवायचा हेच मला कळेनासं झालं होतं.

झालं असं, की बंद पडलेल्या एका फोटो स्टुडिओकडून शाळेला चिंचपोकळी स्टेशनच्या आसपासच्या जुन्या निगेटिव्ह मिळाल्या होत्या. मयूरने त्या स्कॅन केल्या, मी प्रदर्शनासाठी मोठाले प्रिंट काढून आणले. फोटोतल्या बहुतेक इमारती आता नाहीतच. त्या जागी काचेचे टॉवर आहेत, नाहीतर पत्रे ठोकलेली मोकळी जागा. म्हणून इमारती ओळखायला जुन्या रहिवाशांना बोलावलं होतं.

कुशाबा आजोबा त्यांच्या मुलाबरोबर, धनेशकाकांबरोबर आले. चौऱ्याऐंशी वर्षांचे, कापडगिरणीतले जुने कामगार, कडक इस्त्रीचा सदरा. पहिले चार फोटो त्यांनी पटापट ओळखले. पिठाची गिरणी, व्यायामशाळा, कोळशाची वखार, इराण्याचं हॉटेल. बाई जुन्या नकाशावर बघून मान डोलवत होत्या. दरवेळी आजोबा धनेशकाकांकडे वळून बघायचे. पेपर बरोबर आल्यावर आपण घरच्यांकडे बघतो, तसे.

पाचवा फोटो स्टेशनच्या पुलावरून काढलेला. 'करी रोडच्या दिशेने' असं निगेटिव्हच्या पाकिटावर लिहिलेलं. मधे रूळ, पुढे पुलावर टोपल्या घेऊन कॅमेऱ्याकडे बघणाऱ्या पाच बायका आणि मागे, उजव्या हाताला, चार मजली चाळ.

आजोबा फोटोवर वाकले. मग फोटोवर बोट टेकवून म्हणाले, "ही आमची चाळ. तिसरो माळो, कोपऱ्यावरची खिडकी. अंबिका थयसून दोरीन डबो सोडी माका." अंबिका म्हणजे त्यांची बायको. "पण ही हय कशी? ही डाव्या अंगाक होती. गिरणीच्या बाजूक. माका कधी पूल ओलांडूचो लागलो नाय."

"आजोबा, फोटोत तर उजवीकडे आहे," मी म्हटलं. "म्हणजे पूर्वेला, लालबागच्या बाजूला. तुमची चाळ दुसरी असेल."

"मगे फोटो खोटो."

तेव्हा हॉलमध्ये पहिला हशा पिकला. आणि मी तो प्रश्न विचारला.

आजोबांनी शांतपणे हात वर केला. त्याला तीनच बोटं होती.

"ह्यो. ह्याची दोन बोटां गिरणीत रवली. डावो खयचो आणि उजवो खयचो, ता मी कसो विसरतलंय, बाय?"

पुढच्या रांगा एकदम गप्प झाल्या. मागच्यांना हात दिसला नव्हता, ते हसतच राहिले.

धनेशकाकांनी त्यांच्या खांद्याला धरलं. "बाबा, चला आता." मग बाईंना हळूच म्हणाले, "हल्ली असंच होतं. परवा गॅस चालू ठेवला. आम्ही नवरा-बायको दोघंही कामावर, दिवसभर एकटे कसे ठेवायचे? येत्या रविवारी गावी नेऊन सोडतोय, माझ्या चुलत्याकडे. कायमचे."

"तू म्हणालेलंस," आजोबा त्यांना म्हणाले, "पाचय फोटो वळाखलास तर हयच रव म्हणान."

"पाचही ओळखले तर इथेच राहा म्हटलं होतं. चारच ओळखलेत ना. चला."

मी माईक बंद केला. पाचव्या फोटोखाली आम्ही चिठ्ठी लावली, 'पूर्वेकडील अनोळखी चाळ'.

आंतरशालेय स्पर्धेत आमच्या प्रदर्शनाला पहिलं बक्षीस मिळालं. शनिवारी दादरला समारंभ, स्टेजवर भाषण माझं. पप्पांनी ऑफिसात सगळ्यांना सांगून टाकलं. आईने हिंदमाताहून मोरपंखी साडी आणली आणि शुक्रवारी संध्याकाळी मला नेसवायला घेतली. "आधी माझी बघ, तशी उभी राहा," म्हणत तिने स्वतःही साडी नेसली होती.

"हलू नकोस गं!" तोंडात पिना धरून ती म्हणाली. मी कपाटाच्या आरशात बघत होते. आरशातली मी कुठेतरी पाहिल्यासारखी वाटत होती. पदर असा त्या बाजूला, हात असा... पुलावरच्या बायका! अगदी तशीच.

मी मागे वळले. समोर आई उभी होती. तिचा पदर दुसऱ्या बाजूला होता.

"अगं सुटली ना निरी!" आई ओरडली. मी तोवर मोबाईलवर फोटो उघडला होता. एखादीचा पदर उजव्या खांद्यावर असता तर गुजराती असेल म्हटलं असतं. पण पाचही जणी काष्टा घातलेल्या, आणि पाचही जणींचा पदर उजव्या खांद्यावर. आपल्या बायका कधी घेतात असा? मयूरने निगेटिव्ह उलटी ठेवली होती. बाईंना कळलं नाही, परीक्षकांना कळलं नाही, मला तर नाहीच नाही. मी फोटो आरशातल्यासारखा उलटा केला. चाळ झटकन डावीकडे गेली, गिरणीच्या बाजूला. कोपऱ्यावरच्या खिडकीतून काहीतरी बारीक खाली लोंबत होतं. दोरी असेल, नसेलही.

मी खाली बसले. साडी सगळी जमिनीवर.

"काय झालं?" पप्पा दारात आले. "भाषण विसरलीस?"

मी फोटो दाखवला, सगळं सांगितलं. डाव्या हाताचंही. ते मी घरी सांगितलंच नव्हतं.

आईने तोंडातल्या पिना काढून हातात घेतल्या. पप्पा म्हणाले, "बाईंना फोन कर. सोमवारी चिठ्ठी बदलतील. उद्याचा कार्यक्रम कशाला बिघडवायचा?"

"सोमवारी ते इथे नसतील, पप्पा."

"आणि तू सांगितल्याने त्यांचा मुलगा ऐकेल? गॅस तर राहिलाच होता ना चालू?"

"नाही ऐकलं तर नाही. पण पाचवा फोटो त्यांनी बरोबर ओळखला होता, हे त्याला कळायला हवं." माझा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता, तरी थांबला नाही. "आई, पप्पा, मी आत्ता त्यांच्याकडे जातेय. धनेशकाकांसमोर त्यांची माफी मागणार आहे. आणि उद्या ते भाषण मी करणार नाही. फोटो सगळ्यांसमोर उलटवून दाखवणार, आणि मी काय विचारलं होतं तेही सांगणार. बक्षीस परत घेतलं तर घेऊ देत. माईकवर विचारलं होतं, माईकवरच सांगणार."