दर रविवारी दहा वाजता

लोणखेड्याचे उमाकांत सर म्हणजे महाहट्टी माणूस! पंचवीस-तीस वर्षांपूर्वी त्यांनी घरच्या फोनला मॉडेम जोडून ‘सातपुडा बोर्ड’ काढला होता. आपल्या कॉम्प्युटरवरून कुणी तो नंबर लावला, की दोन्हीकडची मॉडेमं किंचाळून एकमेकांची ओळख पटवणार, अन् मग पडद्यावर पत्रं, गप्पा, बुद्धिबळ. नवापूरचा जगदीश त्यातला पट्टीचा गडी. दोघं वर्षानुवर्षं टाइप करून भांडले. भेट मात्र एकदाही नाही, आवाजसुद्धा ऐकला नाही. पुढे इंटरनेट आलं आणि जगदीशसकट सगळे पांगले. सरांनी बोर्ड चालूच ठेवला. बायको गेल्यावर तर त्या खोलीतच त्यांचं बस्तान. एकटेपणा खायला उठायचा, पण सांगणार कोणाला?

अन् काय नवल! वर्षभरापूर्वी दर रविवारी दहाला कोणीतरी बोर्डाला फोन लावू लागलं. सॉफ्टवेअर पहिल्याच रिंगला फोन उचलायचं, मॉडेम किंचाळायचं, आणि मिनिटभराने नोंद पडायची: जोडणी झाली नाही.

‘जगदीशच! दुसऱ्या कोणाला एवढी खाज?’ सरांचा जीव सुपाएवढा झाला. समोरचं मॉडेम जुनं असेल म्हणून त्यांनी वेग कमी केला, मग आणखी कमी केला. एकदा, फक्त एकदा जोडणी व्हावी, एवढंच त्यांचं मागणं.

मग दोन रविवार कोरडे गेले. तिसऱ्या रविवारी वीज गेलेली, मॉडेम मुकं, आणि त्याच लाइनवरचा साधा फोन घणघणला. सरांनी धडपडत उचलला.

“हॅलो?”

पलीकडे एक बाई दचकली. “अरे देवा, माणूस बोलना! उमाकांतभाऊ का? मी नवापूरथीन, जगदीशना घरथीन बोली ऱ्हायनू. मना मालक देवाघर गयात, भाऊ. पंधरा दिन झायात. तुमले सांगनं व्हतं.”

“पण दर रविवारी त्याचं मॉडेम लागायचं ना?” सर म्हणाले.

“कॉम्प्युटर कवयच भंगारमा गया. पन लकवा व्हयना तैपासून तेस्ले तुमनासंगे बोलानं व्हतं. दर रविवारे फोन लावेत, तर नुसती शिट्टी वाजे. म्हनेत, हाई त्यानं मशीन शे, मी थांबस, आते तो उचलीच.” मग तिने विचारलं, “तुम्ही घरमाच व्हतात ना, भाऊ?”

“होतो,” सर म्हणाले. “फोनच्या शेजारीच बसलेलो असायचो.”