केसाएवढी वाट

“फट दिसली की समज, घर गळायला लागलं!”

हा आवाज चाळीस वर्षांपूर्वीचा. कामशेतच्या बाजारात ग्रिलं जोडणाऱ्या अंबाजी मिस्त्रीचा. त्याच्याच हाताखाली महिपती जोडकाम शिकला. मिस्त्री गेला, त्याच्या दुकानात मोबाईलवाला बसला. पण दोन पत्र्यांमधून उजेड दिसला की महिपतीचा हात अजून आपसूक पकड आवळायला जाई.

शनिवारी तस्साच गेला. तळेगावजवळच्या त्या कारखान्यात गाडीच्या सांगाड्याचे पत्रे लेसरने जोडतात. पत्रा अंगाने पातळ, पण ताकदीने पहिलवान, वर जस्ताचा मुलामा. जोडकाम बंद खोलीत यंत्र करतं. महिपतीकडे उरलेलं काम म्हणजे पत्रे धरणारा साचा लावायचा आणि निघालेल्या जोडाची शिवण तपासायची. साचा नवा होता. त्याची माहिती दिली त्या दिवशी महिपती तिकोणा पेठेला होता, बायकोच्या, रतनबाईच्या वर्षश्राद्धाला. साच्यात कागदाएवढ्या पातळ पट्ट्या दिसल्या. कुणीतरी विसरलं असेल, म्हणून त्याने त्या काढल्या आणि पत्रे एकमेकांना घट्ट भिडवले.

बावीस नग शिवणीवर भोकं घेऊन बाहेर आले. जस्ताची वाफ होते, तिला निघायला केसाएवढी वाट लागते; पट्ट्या तीच वाट राखत होत्या. वाट कोंडली की ती वितळलेलं पोलाद फोडून निघते. महिपतीने गुपचूप पट्ट्या परत ठेवल्या. तेविसावा नग आरशासारखा निघाला, तेव्हा त्याला सगळं उमगलं.

ठपका आला कैलासवर. पत्रे साच्यावर चढवणारा तो, त्यातून कंत्राटी. पत्रे तेलकट लावले म्हणून भोकं पडली, असं शिफ्टच्या इंजिनिअर मॅडमनी ठरवलं. सोमवारी त्याला फाटकातच अडवलं.

“आबा, मी पत्रं पुसलं व्हतं का न्हाई? तुमच्या म्होरंच.”

“व्हय रे.”

“मंग सांगा की मॅडमला! का दातखीळ बसली?” एवढ्यातही तो हसला.

“बगतो,” म्हणून महिपती आत गेला. तीस वर्षांच्या नोकरीत एक डाग नव्हता, आणि दिवाळीला निवृत्ती.

मंगळवार गेला. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत त्याने बाकावर डबा उघडला. कैलास असता तर म्हणाला असता, “आबा, ठेचा हिकडं सरकवा, तुमच्या वयाला झेपायचा न्हाई.” घरी जेवायला एक ताट, निजायला एक वाकळ, आणि बोलायला भिंत. दिवसभराचं माणसाशी बोलणं काय व्हायचं ते ह्याच बाकावर. भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

शिफ्टची इंजिनिअर अश्लेषा कागद घेऊन आली.

“आबा, कंत्राटदाराला पाठवायचंय. पत्रे तेलकट होते, एवढंच लिहिलंय. तुम्ही तिथे होतात, साक्षीला सही करा. उद्यापासून दुसरा माणूस येतोय.”

महिपतीने पेन घेतलं. कागदावर टेकवलं. शाईचा ठिपका पसरत गेला.

“काय झालं? चष्मा नाहीये का?”

“हाय की.”

त्याने पेन खाली ठेवलं. उठून उभा राहिला. साहेबासमोर उभं राहतात तसा नाही, पंचासमोर राहतात तसा.

“कैलासचं हात चोख व्हतं, मॅडम. साच्यातल्या पट्ट्या मी काढल्या. आन् चार दिस बोललो बी न्हाई.”