बिनचिठ्ठीचं ब्लँकेट

निरोप समारंभ दोघांचा होता. एक स्टोअरकीपर, नोकरी एकतीस वर्षं. दुसरा मुकादम, म्हणजे ऑफिसचा कुत्रा, नोकरी नऊ वर्षं, तीही बिनपगारी. सकाळी दहाच्या ठोक्याला टेबलाटेबलाशी जाऊन कोण आलं, कोण उगवायचंय ते बघायचा, म्हणून मुकादम. स्टोअरकीपरनाही टोपणनाव होतं, 'नंतर या'. ते मात्र सगळे त्यांच्या पाठीमागेच घेत.

कारण संपलेली रिफिल दाखवल्याशिवाय त्यांनी कधी कोणाला नवी दिली नव्हती. मागणीच्या चिठ्ठीवर सही नसेल तर मोठ्या साहेबांनाही खोडरबरासाठी हेलपाटा पडे.

मुकादम झोपायचा स्टोअरमध्ये, मागच्या रॅकखाली. नव्या स्टोअरकीपरबाईंना कुत्र्याच्या केसांनी शिंका यायच्या. म्हणून मुकादम आता स्टोअरकीपरांच्या घरी निघाला होता.

एकतीस वर्षांत आपल्याबद्दल कोणी बरा शब्द काढलेला नाही हे स्टोअरकीपरना पक्कं ठाऊक होतं. पण निरोपाच्या दिवशी लोक मेलेल्याबद्दल बोलावं तसं गोड बोलतात, हेही त्यांनी पाहिलं होतं. म्हणून बायकोला मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं होतं. खिशात उत्तराचं चार पानी भाषण होतं.

ड्राफ्ट्समन उठला. "ऑपरेशननंतर मी कामावर आलो तेव्हा सगळ्यांनी तब्येत विचारली. पण दिवसभर पायाशी बसून राहिला तो मुकादम!"

टायपिस्टबाईंना "मुकादम" एवढ्या शब्दापलीकडे जाता आलं नाही. रुमाल मागवावा लागला.

मोठे साहेब म्हणाले, "अशी निष्ठा! असा वक्तशीरपणा!" स्टोअरकीपर खुर्चीत ताठ झाले. "आणि असं शेपूट!" साहेबांनी वाक्य पुरं केलं.

बायको पुढे झुकून कुजबुजली, "अहो, तुमचं कधी येणार?"

"येईल की."

"कुत्र्याने बाकी नाव काढलं हं."

शेवटी साहेबांनी घड्याळ बघितलं. "हो, आपले स्टोअरकीपरही आज निवृत्त होताहेत. अभिनंदन! चला, मुकादमला सोडायला फाटकापर्यंत जाऊ." चार पानं खिशातच राहिली.

फाटकापाशी मात्र मुकादमने बैठक मारली. रोज संध्याकाळी तो सगळ्यांना इथवर पोचवायचा आणि परत फिरायचा. फाटक त्याने कधी ओलांडलंच नव्हतं. बिस्किटं झाली, पट्टा ओढून झाला. साहेबांनी "माझ्या राजा" म्हणून बघितलं. मुकादम ढिम्म.

"ब्लँकेट लागेल त्याला," स्टोअरकीपर पुटपुटले. "रॅकखालचं. त्याच्याशिवाय नाही हलायचा."

सगळ्यांनी नव्या बाईंकडे पाहिलं. किल्ल्या दुपारीच त्यांच्या हाती आल्या होत्या.

"चिठ्ठी?" बाई म्हणाल्या.

"अहो बाई, काय हे!" ड्राफ्ट्समन.

"स्टोअरमधली काडीसुद्धा चिठ्ठीशिवाय बाहेर जाणार नाही, असं दुपारी यांनीच मला तीनदा बजावलंय. ब्लँकेट पहिल्यांदा दिलं तेव्हाची चिठ्ठी असेल तर ती दाखवा. चालेल."

स्टोअरकीपरनी चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला.

"नाहीये."

"हरवली?"

"नव्हतीच कधी." त्यांचा आवाज पार खाली गेला. "पिल्लू होता. कुडकुडत होता. दिलं."

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"चिठ्ठीशिवाय?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"सही? शिक्का?"

"काही नाही, साहेब. तसंच दिलं."

टायपिस्टबाईंनी पुन्हा रुमाल काढला. ड्राफ्ट्समन म्हणाला, "बोला आता! आणि मला मेलं एक टाचणीचं पाकीट सतरा दिवसांनी मिळालं होतं." असं म्हणून त्यानेच टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. आत सभेत शेपटालाही एवढी वाजली नव्हती. बायकोने नवऱ्याकडे, लग्नानंतर प्रथमच बघावं, तसं बघितलं.

बाई शिंकत शिंकत ब्लँकेट घेऊन आल्या. "सही मी करते," म्हणाल्या. ब्लँकेट फाटकाबाहेर थांबलेल्या रिक्षात ठेवलं. मुकादमने ते हुंगलं, सगळ्यांवरून एकदा नजर फिरवून हजेरी घेतली आणि उडी मारून त्यावर बसला.

स्टोअरकीपर त्याच्या शेजारी टेकले.

"अहो, थांबा!" साहेब धावत आले. "चुकलंच आमचं. चला परत आत. तुमच्याबद्दल दोन शब्द बोलायचेच राहिले. तुम्हीही बोला. भाषण आणलंय ना?"

स्टोअरकीपरनी खिसा चाचपला. मुकादमने त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं होतं.

"आता नको साहेब," ते म्हणाले. "नंतर या."